पहिले हजार किलोमीटर: नव्या गाडीच्या ऑइलचा जुना इतिहास

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण यात ना किल्ला आहे ना लढाई. आज आपण एका काळ्या, चिकट पातळ पदार्थाचा इतिहास बघणार आहोत. इंजिन ऑइलचा.

झालं असं की मागच्या महिन्यात आमच्या जळगावच्या घरी नवी मोटारसायकल आली. सव्वाशे सीसीची, साधी, रोजच्या वापराची. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पेढे वाटले. गाडी दारात लागेपर्यंत तीन सल्ले येऊन पोचले होते.

पहिला आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. "हजार किलोमीटर होईपर्यंत काटा चाळीसच्या वर जायला नको." दुसरा आमच्या कॉलनीतल्या मिस्त्रींचा. "तीनशेला ऑइल काढून टाका, अन् आपल्याकडचं ऊन बघून जाड ऑइल भरा." तिसरा मोबाइलवरच्या एका व्हिडिओचा. "पहिल्या दिवसापासून दाबून चालवा, तरच पिस्टनच्या रिंगा नीट बसतात."

आता हे तिन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे जुन्या कोडमध्ये अशा ओळी सापडतात ज्या कुणी लिहिल्या, का लिहिल्या, कुणालाच माहीत नसतं. काढायची मात्र कुणाची हिंमत होत नाही. मग आपण त्या ओळीचा इतिहास काढून बघतो. ती कधी आली, तेव्हा कुठली अडचण होती, ती अडचण आज आहे का? ऑइलच्या सल्ल्यांचं मी तेच करायचं ठरवलं.

माझ्यासाठी हा नुसता कुतूहलाचा विषय नव्हता, हेही सांगून टाकतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी आप्पांच्या गाडीत स्वतःच्या हाताने ऑइल भरलं होतं. काकांच्या कारचं उरलेलं, चांगलं महागातलं. मनात म्हटलं, कारला चालतं म्हणजे मोटारसायकलला उत्तमच. पंधरा दिवसांनी आम्ही दोघं चाळीसगावहून कन्नडच्या घाटात चढत होतो. इंजिन ओरडतंय, पण गाडी पुढे सरकत नाही. क्लच घसरत होता. आप्पा मागे बसलेले. ते उतरले आणि घाटाच्या कडेने पायी चालायला लागले. क्लच प्लेटा बदलाव्या लागल्या. ते मला एक शब्दही बोलले नाहीत, पण त्यानंतर गाडीच्या ऑइलच्या नटला मला हात लावू दिला नाही. या वेळी नवी गाडी आली तेव्हा चावी माझ्या हातात देत म्हणाले, "आता तूच बघ." म्हणून हा सगळा शोध.

धुळ्याचा एक माणूस आणि अस्सल कागद

सुरुवात धुळ्यापासून करू. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी 1898 मध्ये काढला. पुढे ते धुळ्यात राहिले आणि 31 डिसेंबर 1926 ला तिथेच गेले. त्यांच्या नावाचं राजवाडे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. या माणसाचा आयुष्यभराचा हट्ट एकच. बखर नंतर लिहिली जाते, कुणीतरी ऐकून लिहितं, त्यामुळे आधी त्या काळचा मूळ कागद शोधा.

मोटारसायकलच्या बाबतीत मूळ कागद कुठला? गाडीसोबत मिळते ती छोटी पुस्तिका. जी आपण डिकीत किंवा कपाटात टाकतो आणि विसरतो. आप्पा, मिस्त्री आणि व्हिडिओ या तीन बखरी. बखर टाकाऊ नसते बरं का. लोकांना तेव्हा कशाची भीती वाटत होती, ते तिच्यातच कळतं. फक्त ती कुठल्या काळाची आहे, हे ओळखता आलं पाहिजे.

तेल गिरणी ते इंजिन

खान्देशला तेल नवीन नाही. शेंगदाणा, तीळ, सरकी, सगळं इथलंच. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला 1945 साली महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तेलाचा कारखाना काढला. नाव होतं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. त्याचंच पुढे विप्रो झालं. म्हणजे माझ्यासारख्या कितीतरी पोरांना पुण्या-बंगळुरात लॅपटॉपसमोर बसवणाऱ्या कंपनीचं मूळ अमळनेरच्या तेलात आहे. तेलाचा आणि सॉफ्टवेअरचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर हे सांगायचं.

यंत्रांचं तेलसुद्धा आधी शेतातूनच यायचं. 1860 च्या दशकात रेल्वे भुसावळला पोचली. त्या शतकात भारतातल्या रेल्वेत एरंडेल वापरलं जायचं, दिव्यात जाळायला आणि वंगण म्हणूनही. तिकडे लंडनमध्ये चार्ल्स वेकफिल्ड याने 1899 मध्ये वंगणाची कंपनी काढली. 1909 मध्ये त्याने एरंडेल मिसळलेलं इंजिन ऑइल बाजारात आणलं आणि त्याला नाव दिलं कॅस्ट्रॉल. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर ऑइल म्हणतात, त्यावरून. पहिल्या महायुद्धातल्या कितीतरी विमानांची इंजिनं एरंडेलावर चालायची, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही आणि तापलेल्या धातूलाही घट्ट चिकटून राहतं.

पण एरंडेलाची एक खोड. तापून तापून त्याचा डिंकासारखा थर जमतो. रोजच्या गाडीला ते परवडत नाही. त्यामुळे जमिनीतून निघणारं खनिज तेल पुढे आलं. आता ते किती जाड, किती पातळ, हे सांगायची एक भाषा हवी होती. अमेरिकेतल्या एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने 1911 मध्ये पहिली वर्गवारी केली. आपल्या डब्यावर 20डब्ल्यू-40, 10डब्ल्यू-30 असं जे लिहिलेलं असतं, त्याचं मूळ तिथे आहे.

चाळीसचा काटा कुठून आला

आता आप्पांच्या सल्ल्याकडे येऊ. आमच्या आजोबांकडे राजदूत होती. एस्कॉर्ट्स कंपनीची, पोलंडच्या एका गाडीच्या आराखड्यावर बनलेली, पावणेदोनशे सीसीची टू-स्ट्रोक. साठच्या दशकापासून ती खेड्यापाड्यात दिसायला लागली. दूधवाले, शेतकरी, पाटील, सगळ्यांची गाडी. 1973 च्या 'बॉबी' सिनेमात ऋषी कपूर जी छोटी गाडी चालवतो, तीही राजदूतच. आप्पा आजोबांच्या राजदूतवर गाडी शिकले आणि आजोबा त्यांना अहिराणीत सांगायचे, "गाडी नवी शे, धीरे चालाडजो."

हे आजोबा उगाच सांगत नव्हते. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला वंगण देणारं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागायचं. साधारण वीस ते पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग ऑइल. ते पेट्रोलबरोबर आत जाणार आणि जळून धूर होऊन बाहेर पडणार. नवं इंजिन घट्ट असतं. पिस्टन आणि सिलिंडर यांचे पृष्ठभाग अजून एकमेकांना सरावलेले नसतात, घर्षण जास्त, उष्णता जास्त. अशात गाडी दामटली किंवा ऑइल कमी पडलं, तर पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकायचा. मिस्त्री म्हणतात तसं, "पिस्टन पकडला." चालत्या गाडीचं मागचं चाक एकदम थांबायचं. म्हणून नव्या गाडीत ऑइल थोडं जास्त टाकायचं आणि हळू चालवायचं.

दुसरं कारण बाजारात होतं. तो परवान्यांचा काळ. बजाज चेतक 1972 मध्ये आली, तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षं लोक नोंदणी करून वाट बघत बसायचे. वर्षानुवर्षं थांबून मिळालेली गाडी पहिल्याच महिन्यात कोण दामटणार? ब्रिटनमध्येही त्या काळी नव्या कारच्या मागच्या काचेवर पाटी लावायचे, 'रनिंग इन, प्लीज पास'. म्हणजे गाडी नवी आहे, तुम्ही पुढे जा. आपल्याकडे पाटी नव्हती, पण भावना तीच.

1985: एकच ऑइल, तीन कामं

आता माझ्या चुकीचं मूळ. जुन्या बुलेटमध्ये इंजिनाचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं आणि क्लच ज्या डब्यात फिरतो त्याचं वेगळं. टू-स्ट्रोकमध्येही गिअरबॉक्स आणि क्लचचं ऑइल वेगळं, पेट्रोलमधलं वेगळं. त्यामुळे बुलेटच्या इंजिनात कुणी कारचं ऑइल भरलं तरी क्लचला त्याची खबरही लागायची नाही. 'चांगलं ऑइल कुठलंही चालतं' ही बखर त्या काळची.

1984 मध्ये हिरो आणि होंडा एकत्र आले आणि 1985 मध्ये सीडी 100 आली. शंभर सीसीची फोर-स्ट्रोक. 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' ही तिची जाहिरात अजूनही लोकांच्या तोंडात आहे. मायलेजमुळे ती गाजली, पण आपल्या विषयासाठी वेगळी गोष्ट महत्त्वाची. या गाडीत जेमतेम एक लिटरच्या आसपासचं एकच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच असं तिन्ही सांभाळत होतं. आज आपल्या रस्त्यांवरच्या जवळपास सगळ्या मोटारसायकली याच पद्धतीच्या आहेत.

इथे गंमत बघा. पिस्टनला घर्षण नको असतं. क्लचला घर्षणच हवं असतं, कारण क्लचच्या प्लेटा एकमेकींना धरून ठेवतात म्हणून तर चाक फिरतं. आणि दोघंही एकाच ऑइलमध्ये बुडालेले.

पुढे कारच्या ऑइलमध्ये इंधन वाचवण्यासाठी जास्त निसरडेपणा आणणारी रसायनं मिसळायला लागले. कारचा क्लच सहसा कोरडा असतो, त्याला काही फरक पडत नाही. मोटारसायकलींचे क्लच मात्र घसरायला लागले. यावर जपानने 1998 मध्ये जासो नावाचं मानक आणलं. मोटारसायकलच्या ओल्या क्लचसाठी एमए. जिथे क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसतो त्या स्कूटरसाठी एमबी. 2006 मध्ये एमएचे एमए1 आणि एमए2 असे भाग झाले.

कन्नडच्या घाटात आप्पांना पायी चालावं लागलं ते या दोन अक्षरांमुळे. मी डब्याची किंमत वाचली, मागची बाजू वाचली नाही.

ऊन आणि जाड ऑइल

मिस्त्रींच्या सल्ल्यात दोन गोष्टी होत्या. आधी जाड ऑइलची घेऊ. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. भुसावळ, जळगाव, धुळे, कुणी कुणाला हार जात नाही. मग पातळ ऑइल टिकेल का, ही शंका रास्त आहे.

पण डब्यावरचे आकडे नीट बघा. 10डब्ल्यू-30 मध्ये डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीत सुरू करताना ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. दुसरा आकडा 100 अंश सेल्सिअसला ते किती जाड राहतं ते सांगतो. म्हणजे तापलेल्या इंजिनाचा विचार त्या आकड्यात आधीच केलेला असतो. ऊन 30 वरून 45 वर गेलं की हवेवर थंड होणारं इंजिन जास्त तापतं, हे खरं. पण ऑइल किती जाड हवं हे उन्हाइतकंच इंजिनातल्या फटी, पंप आणि ऑइल वाहण्याच्या वाटा यांवर ठरतं. बारीक फटींसाठी बनवलेल्या इंजिनात उगाच जाड ऑइल भरलं तर सकाळी सुरू केल्यावर वरपर्यंत पोचायला ते वेळ लावतं, आणि मायलेजही पडतं. जुन्या गाड्यांना 20डब्ल्यू-40 किंवा 20डब्ल्यू-50 च लागायचं, मिस्त्रींचा हात त्याच डब्यावर बसलेला आहे. काही गाड्यांना ते आजही लागतं. तुमच्या गाडीला काय लागतं, ते पुस्तिकेच्या तक्त्यात हवेच्या तापमानासकट दिलेलं असतं.

डब्यांची गर्दीही नवीन आहे. इंडियन ऑइलचा सर्वो हा ब्रँड 1972 पासून आहे. 1974 ते 1976 च्या काळात एस्सो, बर्मा-शेल या परदेशी कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि बराच काळ निवड मर्यादित होती. नव्वदच्या दशकात बाजार खुला झाला आणि दुकानातली फळी रंगीबेरंगी झाली. निवड वाढली की सल्लेही वाढतात.

तीनशे, पाचशे की हजार?

सिलिंडरची आतली भिंत वरून गुळगुळीत दिसते, पण तिच्यावर मुद्दाम आडव्या-तिरक्या बारीक रेघा मारलेल्या असतात. ऑइल त्यात धरून राहतं. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये पिस्टनच्या रिंगा त्या रेघांची टोकं घासून स्वतःची जागा बनवतात. गिअरचे दातही एकमेकांना घासून जुळतात. यातून जे धातूचे कण निघतात, ते ऑइलमध्ये येतात. पहिलं ऑइल लवकर बदलायचं ते यासाठी.

जुन्या काळी ओतकामातली वाळू, कापकामातले कण आत राहून जायचे, रेघा जास्त ओबडधोबड असायच्या आणि ऑइल गाळायची सोय बेताची. शंभर सीसीच्या गाड्यांमध्ये कितीतरी वर्षं कागदी फिल्टर नव्हताच. एक जाळी आणि फिरून कण बाजूला फेकणारी एक वाटी, एवढंच. तेव्हा तीनशेला ऑइल बदलणं शहाणपणाचं होतं. आता कारखान्यातली घडण जास्त अचूक झाली आहे. बहुतेक पुस्तिका पहिला बदल 500 ते 1000 किलोमीटरच्या दरम्यान कुठेतरी सांगतात, आणि सोबत दिवसांची मर्यादाही असते. दोन्हींपैकी जे आधी येईल ते. तीनशेला बदललंत तर इंजिनाचं नुकसान नाही, खिशाचं आहे. पण पुस्तिकेतली पहिली सर्व्हिसिंग तरीही वेळेवर करावीच लागते, नाहीतर वॉरंटीचा वाद होतो.

आता व्हिडिओवाल्याचं. त्याच्या म्हणण्यात एक दाणा खरा आहे. रिंगा भिंतीला दाबून बसतात त्या आत जळणाऱ्या वायूच्या दाबामुळे. इंजिनावर कधी भारच पडला नाही, तर त्या नीट बसत नाहीत. पण यावरून पहिल्या दिवशी पूर्ण थ्रॉटल, हे कुठल्याही पुस्तिकेत नाही. तिथे लिहिलेलं असतं ते कंटाळवाणं आणि बरोबर: ठरलेल्या वेगाच्या आत राहा, एकाच वेगाने फार वेळ जाऊ नका, वरच्या गिअरमध्ये इंजिनाला धापा टाकायला लावू नका, उभ्या गाडीचं इंजिन उगाच चालू ठेवू नका.

आणि हो, फुल सिंथेटिक टाकलं तर रिंगा बसत नाहीत, असंही ऐकू येतं. आज जगात कितीतरी गाड्या कारखान्यातूनच सिंथेटिक भरून निघतात. पुस्तिकेत असेल तर घाला, नसेल तर पहिल्या हजारात महाग डब्याची गरज नाही.

जळगाव ते धुळे

चारशे किलोमीटर झाल्यावर मी आणि आप्पा एका लग्नासाठी धुळ्याला निघालो. एरंडोल, पारोळा, मग फागणे आणि धुळे. सरळ, सपाट रस्ता. अशा रस्त्यावर नकळत एकाच वेगाने जायला होतं, आणि नव्या इंजिनाला तेच नको असतं. मी कधी पंचेचाळीस, कधी पंचावन्न, मध्येच गिअर उतरवून पुन्हा चढवत होतो. आप्पा मागून काट्यावर नजर ठेवून. पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "चाळीसच्या वर गेलास." मी पुस्तिका बॅगेतून काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मग राजदूतचं काय?" मी म्हटलं, "आप्पा, राजदूतसाठी तुम्ही बरोबरच होता." त्यांनी पुस्तिका मिटून स्वतःच्या खिशात ठेवली. धुळे येईपर्यंत काट्याबद्दल एक शब्द नाही.

सहाशेला पहिली सर्व्हिसिंग केली. इंजिन थोडं चालवून कोमट केलं होतं, म्हणजे ऑइल पातळ होऊन सगळं बाहेर येतं. निघालेलं ऑइल उन्हात धरलं तर त्यात चंदेरी भुकटी चमकत होती. रिंगा आणि गिअर जागेवर बसत असल्याची ती खूण. ड्रेन नटला नवीन वॉशर टाकला, नट बेताचाच आवळला. आटे ॲल्युमिनियममध्ये असतात, जास्त जोर लावला की कायमचे जातात. नवा डबा सीलबंद आहे ना ते बघून माझ्यासमोर उघडायला लावला, मागे जासो एमए2 वाचलं. मग गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून पातळी तपासली. डिपस्टिक आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक बदलतं, तेही पुस्तिकेत असतं.

शेवटचं एक. काढलेलं काळं ऑइल आपल्याकडे दारं-खिडक्यांना वाळवी लागू नये म्हणून फासतात, नाहीतर गटारात ओततात. 2016 च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडतं आणि मान्यताप्राप्त पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवं. गटारातून ते आपल्याच नाल्यात, पुढे गिरणा-तापीत जातं. त्यामुळे घरी बदलणार असाल तर जुन्या डब्यात भरून सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या.

घरी आल्यावर आप्पांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून नटाकडे बघितलं. एक थेंब नव्हता. "पुढचं किती किलोमीटरला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पुस्तिका तुमच्याच खिशात आहे."

तर मंडळी, तुमच्या घरातली ऑइलची बखर काय सांगते, तेही कळवा. राजदूतची, येझदीची, आरएक्स 100 ची, कुठलीही चालेल. भेटू पुढच्या भागात. तोवर हेल्मेट घाला आणि डब्याची मागची बाजू वाचा.